शिक्का आणि शिक्का मारणारा

मागावरून उतरलेला ताका मेहताजी उलगडून पाहतात आणि दोष दिसला की विणकराच्या मजुरीतून पैसे कापले जातात, हे भिवंडीकरांना सांगावयास नको. दोष कधी खराच असतो. पण तपासणारा धन्याचा पगारी माणूस असतो, ही गोष्ट विणकराच्या मनातून जात नाही. नेमका हाच प्रश्न अमेरिकेत पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावरून उभा राहिला.

1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची चित्रकार्डे घालीत असे. होनस वॅग्नरचे कार्ड फार थोडे निघाले. म्हणूनच पुढे त्याला अफाट मोल आले. जुन्या कार्डांची प्रत ठरविण्यासाठी 1991 साली पीएसए ही कंपनी निघाली. तिने पहिला शिक्का मारला तो वॅग्नरच्याच एका कार्डावर: दहापैकी आठ. 2013 साली त्या कार्डाचा एक जुना मालक, बिल मास्ट्रो, याने कबुली दिली की, कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला अंक देऊ नये, हा तर या धंद्याचा मूळ नियम!

दरम्यान 1998 साली एसजीसी आणि 1999 साली बेकेट या कंपन्या स्पर्धेत उतरल्या. बेकेटने कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राची मध्यसाधना यांना निरनिराळे अंक दिले. स्पर्धेने मापाची पट्टी बारीक झाली, हे मान्य केले पाहिजे. पण पट्टी धरणाऱ्या हाताचे काय? शुल्क देतो कार्डाचा मालक, कंपनी निवडतो तोच. आणि पीएसएकडे तर कार्ड जितके महाग तितके शुल्क अधिक. शेवटी 2024 साली पीएसएच्याच मालक कंपनीने एसजीसी विकत घेतली. दुकाने दोन राहिली, धनी एक झाला.

आपल्याकडे सोन्याचा हॉलमार्क 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तपासणी केंद्रे पुष्कळ आहेत, पण त्यांना मान्यता भारतीय मानक ब्यूरोची लागते आणि शुल्क नगावर असते, दागिन्याच्या किमतीवर नव्हे. तेथेही केंद्राकडे माल नेतो तो सराफच; म्हणून देखरेख लागतेच. तरीही मोठ्या दागिन्यामागे मोठी कमाई, हा मोह तेवढा टळला.

श्रोतेहो, तपासणारे अनेक झाले म्हणजे न्याय होतोच असे नाही. आमची मागणी म्हणूनच साधी आहे: दोषांचा तक्ता खात्याच्या भिंतीवर लावा आणि ताका उलगडताना विणकराचा एक माणूस शेजारी उभा राहू द्या.