‘शेल शॉक’ची गोष्ट

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात लवळे हे गाव आहे. मुळशी-मावळची ही खोरी म्हणजे मराठा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. इथल्या शाळांत फौजी घरांतली मुले असतातच. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की आमचे आजोबा कोपऱ्यात जाऊन बसतात, असे त्यांतला एखादा सांगतो आणि बाकीचा वर्ग हसतो. अशा वेळी शिक्षकांनी काय सांगावे? आम्हाला वाटते, थोडा इतिहास सांगावा.

महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत एक जुनी संगमरवरी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि त्यांपैकी किती कामी आले, एवढे दोनच आकडे तिच्यावर असतात. परत आलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाटी सांगत नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्कांनी कूट येथे वेढा घातला. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने हे सैन्य अडकून पडले. अखेरीस घोडे मारून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. पुढे वाळवंटातली पायपीट आणि कैदेतले हाल यांत हजारो मेले.

याच सुमारास फ्रान्समधल्या डॉक्टरांपुढे एक कोडे होते. अंगावर जखम नाही, पण सैनिकाची वाचा गेलेली, दृष्टी गेलेली किंवा हातपाय थरथरणारे. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा तीन रुग्णांची हकीकत छापली आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होत असावी, अशी तेव्हाची कल्पना होती. पण गोळा ज्यांच्या जवळपासही फुटला नव्हता, त्यांनाही हाच त्रास होऊ लागला आणि ती कल्पना डळमळली.

कारण बदलले की उपचार बदलतात. लंडनचे डॉ. यीलँड मुक्या झालेल्या सैनिकाला विजेचे झटके देत. उलट एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स रुग्णाशी बोलत. (हेच रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीत राहून तोडा जमातीचा अभ्यास करून गेले होते.) त्यांचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे कवी सिगफ्रीड ससून. ज्यांच्या देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले आणि ज्यांची कबर पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात आहे, त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू!

‘झाले गेले विसरून जा’ हा सल्ला रुग्णाला अधिक आजारी करतो, असे रिव्हर्स सांगत. आठवण टाळू नये, तिला सामोरे जावे आणि तिच्यात काही आधार देणारे असेल तर ते शोधावे, ही त्यांची रीत. ती सर्वांना लागू पडली नाही. एक अधिकारी स्फोटाने उडून शत्रूच्या सडलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या आठवणीत आधार कसला सापडणार? रिव्हर्स यांनी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. शिवाय क्रेगलॉकहार्ट होते फक्त अधिकाऱ्यांसाठी.

आजच्या उपचारामागचे तत्त्व पावलोव्हच्या कुत्र्यावरून समजावता येते. घंटेबरोबर अन्न मिळाले की पुढे नुसत्या घंटेने लाळ सुटते. मग घंटा वारंवार वाजवून अन्न दिलेच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. जुने शिक्षण पुसले जात नाही, त्यावर नवे बसते. सैनिकाच्या मनात आवाज आणि मरण यांची अशीच गाठ पडलेली असते. आवाजापासून तो दर वेळी पळाला, तर नवे शिक्षण होणार कधी? म्हणून प्रशिक्षित तज्ज्ञ त्याला सुरक्षित खोलीत तीच घटना पुनःपुन्हा सांगायला लावतो. हे काम तज्ज्ञाचेच. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळे वदवून घेण्याने हा विकार टळत नाही, असे तपासण्यांत आढळले आहे. तेव्हा २६ जानेवारीला माजी सैनिकाला शाळेत जरूर बोलवावे, पण लढाईचे वर्णन करण्याचा आग्रह धरू नये.

हिंदी शिपायांचे काय? त्या काळच्या वैद्यकीय लिखाणात त्यांच्या मनाच्या जखमा फारशा भेटत नाहीत. भेटतो तो संशय. लढाई टाळायला हे स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेतात, असा बोभाटा झाला होता. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलमध्ये कर्नल सेटन यांनी १९१५ मध्ये एक हजार जखमींची तपासणी केली, तेव्हा त्याला पुरावा मिळाला नाही. कूटहून गावी परतलेला माणूस रात्री किंचाळत उठला, तर घरच्यांना ठाऊक असलेला शब्द होता ‘बाधा’, आणि ठाऊक असलेला उपाय म्हणजे भगत.

‘आघातोत्तर ताणविकार’ ही संज्ञा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आली ती १९८० मध्ये. त्यानंतर ४३ वर्षांनी, १ डिसेंबर २०२३ रोजी, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेलि-मानस’चा खास कक्ष प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. सर्वांसाठी असलेल्या टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. शाळेच्या फलकावर तो लिहून ठेवायला हरकत नाही.