समग्र मानसोपचार : समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

आपल्या चळवळीत मानसिक आरोग्यावर बोलणे अजून नवीन आहे. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तेव्हा मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली आणि ते योग्यच होते. पण वसतिगृहात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत किंवा नोकरीच्या ठिकाणी आतल्या आत झिजणाऱ्या तरुणाने आज संध्याकाळी कुठे जायचे, गेल्यावर तिथे काय होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ही माहिती.

'होलिस्टिक' किंवा समग्र मानसोपचार म्हणजे केवळ डोक्यातल्या विचारांवर नव्हे, तर झोप, आहार, शरीर, नातेसंबंध, काम, पैसा, श्रद्धा आणि सामाजिक परिस्थिती या सगळ्यांकडे एकत्र पाहून केलेला उपचार. कल्पना चांगली आहे. पण 'होलिस्टिक थेरपिस्ट' ही पदवी नाही. कोणीही तशी पाटी लावू शकतो. त्यामुळे पाटीकडे नव्हे, शिक्षणाकडे पाहा. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषधे तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेले असतात. आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेल्या माणसाकडे 'समग्र' हा शब्द असला तरी आम्ही कोणाला पाठवणार नाही.

पहिली भेट साधारण ४५ मिनिटे ते तासाभराची असते. आधी एक फॉर्म भरून घेतात आणि संमतीपत्रावर सही घेतात. मग प्रश्न सुरू होतात, आणि इथेच बरेच जण गोंधळतात. 'मी मन मोकळे करायला आलो, हे माझ्या जेवणाचे काय विचारताहेत?' पण झोप किती लागते, भूक कशी आहे, दारू-तंबाखू-गुटखा आहे का, मासिक पाळी नियमित आहे का, घरात कोणाला असा त्रास होता का, हे सगळे विचारणे हेच समग्र पद्धतीचे लक्षण आहे. थायरॉइड मंदावला असेल, रक्तातील हिमोग्लोबिन किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर सततचा थकवा आणि उदासी येऊ शकते. त्यामुळे चांगला थेरपिस्ट आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून यायला सांगू शकतो. त्यात तुम्हाला टाळण्याचा हेतू नसतो.

मरणाचे विचार येतात का, हाही प्रश्न थेट विचारला जातो. घाबरू नका, खरे उत्तर द्या. असा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट मदत कोणत्या वेगाने हवी हे त्यातून कळते.

गुप्ततेबद्दल आपल्याकडे मोठी भीती असते. वस्ती लहान, नातेवाईक सगळीकडे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ नुसार तुमच्या आजाराची व उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. याला काही अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती सांगितली जाते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवावेच लागते. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगतो. सांगितले नाही तर तुम्ही विचारा.

पुढच्या भेटी बहुधा आठवड्यातून एकदा असतात. काय करतात? उत्तर व्यक्तीनुसार बदलते. विचारांची नोंदवही लिहायला सांगतात: प्रसंग काय घडला, मनात काय आले, शरीराला काय जाणवले. बंद पडलेली छोटी कामे पुन्हा सुरू करायला लावतात, म्हणजे सकाळी चालणे, आंघोळ, एका मित्राला फोन. श्वासाचे व्यायाम, शरीराकडे लक्ष देण्याचा सराव, कधी चित्र काढणे. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर काही जणांना आधीपेक्षा जड वाटते. दाबून ठेवलेले वर येते तेव्हा असे होऊ शकते, पण ते मनात न ठेवता पुढच्या भेटीत बोला. समुपदेशक सल्ल्यांची गोळी देत नाही, 'लग्न कर' किंवा 'नोकरी सोड' असे सांगत नाही. तसे सांगत असेल तर तो शेजारचा काका झाला.

ध्यानाबद्दल जरा सविस्तर, कारण हा आपल्या घरचा विषय. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तणावासाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी वारंवार येणारे नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून त्यावर आधारित उपचारपद्धती बांधली. मूळ सामग्री बौद्ध परंपरेतील सतीची. त्यामुळे थेरपिस्टने सजगतेचा सराव दिला तर तो तुम्हाला परका वाटणार नाही. पण 'विपश्यना कर, सगळे जाईल' हा आपल्याकडचा सल्ला आम्हाला धोक्याचा वाटतो. तीव्र नैराश्य, भास होणे किंवा अत्याचाराच्या आठवणी असताना दहा दिवस मौनात बसणे काहींना त्रासदायक ठरते. गोएंका परंपरेच्या केंद्रांची नियमावलीही सांगते की विपश्यना वैद्यकीय किंवा मनोविकार उपचारांना पर्याय नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर आजार लपवू नका.

औषधांचेही तसेच. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे किंवा थोडे अधिक लागतात आणि त्या डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करायच्या नसतात. 'गोळ्या फेकून द्या, मी नैसर्गिकरीत्या बरे करतो' म्हणणाऱ्याला तिथेच रामराम नव्हे, जय भीम करून निघा. ग्रहदशा, ऊर्जाशुद्धी, खडे, मागील जन्म असले काही निघाले तरी तेच. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. तीच कल्पना फी देऊन परत ऐकण्याचे कारण नाही.

आता जातीचा प्रश्न. समग्र म्हणवणारा उपचार जात वगळून समग्र होऊ शकत नाही. मार्गदर्शकाने प्रबंध अडवला, हॉस्टेलमध्ये 'कोट्यातला' म्हणून टोमणे मारले, हे सांगितल्यावर समोरचा 'तुम्ही फार संवेदनशील आहात, सगळ्यांनाच असा ताण असतो' म्हणाला, तर तुमचा अनुभव त्याने ऐकलेला नाही. पहिल्याच फोनवर विचारा: 'जातीय भेदभावाचा अनुभव असलेल्यांबरोबर काम केले आहे का?' उत्तरावरून बरेच कळते. सगळ्यांना याचे प्रशिक्षण नसते. पण 'मला पूर्ण माहिती नाही, तुमच्याकडून समजून घेईन' म्हणणाराही चालू शकतो. बहुजन समाजातील तरुणांसाठी 'द ब्ल्यू डॉन' सारखे गट याच कामातून उभे राहिले. मात्र समुपदेशन म्हणजे तक्रार नव्हे. भेदभावाची तक्रार महाविद्यालयातील समान संधी कक्षाकडे किंवा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली वेगळी करायची आणि उपचार वेगळे चालू ठेवायचे. एकासाठी दुसरे थांबवू नका.

जमले नाही तर थेरपिस्ट बदलता येतो. तीन-चार भेटींनंतरही विश्वास वाटत नसेल तर तसे सांगून दुसरा शोधा.

खर्च हा खरा अडसर आहे. खासगी फी अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. काही समुपदेशक विद्यार्थ्यांसाठी ऐपतीप्रमाणे फी घेतात, विचारावे लागते. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत व तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही मनोविकार विभागाची चौकशी करा. विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट : जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. आपल्या महाविद्यालयात तो आहे का, हे विद्यार्थी संघटनांनी लेखी विचारावे. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या धर्तीवर संरक्षण द्यायचे असते, म्हणून पॉलिसी नीट वाचा.

आणि आत्ता, रात्री, कोणाशी तरी बोलायलाच हवे असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर आणि अभ्यासिकेच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा.