यजमान आणि विस्तव

अमेरिकेंत उन्हाळा सुरू झाला कीं, सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं घरोघरच्या मागील अंगणांतून निखाऱ्यांचा धूर दरवळूं लागतो. जाळीवर मांस भाजत असतें, यजमान हातांत चिमटा घेऊन विस्तवापाशीं उभा असतो, आणि पाहुणे त्याच्याभोंवतीं गप्पा मारीत असतात. या सोहळ्याला तिकडे बार्बेक्यू म्हणतात. हुरड्याच्या आगटीभोंवतीं बसलेल्या आपल्याकडील मंडळींना या दृश्याचें फारसें नवल वाटणार नाहीं. परंतु यजमानानें स्वतः विस्तव राखावा, ही चाल मात्र तिकडे फार जुनी नाहीं. ती कशी पडली, तेंच आज सांगावयाचें आहे.

कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक लांकडी माची उभारून तिच्यावर मासे व मांस ठेवीत आणि खालीं मंद जाळ करीत. स्पॅनिश लोकांनीं तेथून ‘बार्बाकोआ’ हा शब्द उचलला, आणि त्यावरूनच पुढें इंग्रजी शब्द झाला.

अठराव्या शतकांत व्हर्जिनियांतील जमीनदारांना या मेजवान्यांचा मोठा षोक होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं १७६९ सालीं ॲलेक्झांड्रिया येथील बार्बेक्यूला जाऊन रात्रीं तेथेंच मुक्काम केला. १७७३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं स्वतःच अशी मेजवानी दिली, आणि दैनंदिनींत तिची एका ओळीची नोंद केली. अशा मेजवानीसाठीं आधीं जमिनींत लांबलचक चर खणावा लागे. त्यांत टणक लांकूड जाळून निखारे करावे लागत. आणि त्यांवर अख्खीं जनावरें तासन् तास फिरवीत भाजावीं लागत. दक्षिणेंत हे कष्ट बहुतेक आफ्रिकी गुलामांच्या वांट्याला येत. वॉशिंग्टन यांच्या त्या ओळींत यजमान आहे. विस्तव राखणारा नाहीं.

अशा एका विस्तव राखणाऱ्याची हकीकत सुदैवानें आपल्यापर्यंत पोंचली आहे. दक्षिण कॅरोलिनांतील वेस्ली जोन्स यांचा जन्म गुलामगिरींतच झाला. १९३७ सालीं, वयाची नव्वदी उलटल्यावर, त्यांनीं सरकारी योजनेंतील एका मुलाखतकाराला आपल्या आठवणी सांगितल्या. मेजवानीच्या मांसापाशीं ते रात्रभर जागत. व्हिनेगर, मिरीं, तांबडी मिरची, मीठ, लोणी, धने, कांदा, लसूण इत्यादींचें मिश्रण करून, लांब काठीला मऊ चिंधी गुंडाळून तें मांसावर पुनःपुन्हां फांसीत. यजमान झोंपलेला असतांना स्वाद घडत होता तो या जागरणांतून.

१८६५ सालीं गुलामगिरी संपली. तरी बार्बेक्यू दीर्घकाळ सभा, निवडणुका आणि ४ जुलैचा उत्सव यांचाच राहिला. कारण चर खणून रात्र जागवणें एका कुटुंबाच्या आवांक्यांतलें नव्हतें. दोन वस्तूंनीं ही अडचण दूर केली. हेन्री फोर्ड यांच्या मिशिगनमधील कारखान्यांत मोटारींच्या लांकूडकामाचे तुकडे व भुसा ढिगानें उरे. १९२० नंतरच्या दशकांत त्याचा कोळसा करून, तो खळीनें बांधून त्याच्या एकसारख्या वड्या पाडूं लागले. पुढें १९५२ सालीं शिकागोच्या एका धातुकामाच्या कारखान्यांतील जॉर्ज स्टीफन यांनीं तेथें बनणाऱ्या पोकळ गोल बोयापासून एक शेगडी तयार केली: खालच्या अर्ध्यांत निखारे, वरचें अर्धें झांकण, आणि हवेसाठीं भोंकें. वाऱ्यापावसाची भीति गेली, आणि तो लांबलचक चर अंगणाच्या कोंपऱ्यांत मावला.

धीर धरण्याचें काम मात्र तसेंच राहिलें. निखाऱ्यांवर करडी राख चढेपर्यंत थांबावें. ते एका बाजूस लोटावे. मांस आधीं त्यांवर तांबूस करावें, मग दुसऱ्या बाजूस सरकवून झांकणाखालीं सावकाश शिजूं द्यावें. पाहुणे दारांत आल्यावर विस्तव पेटवणाऱ्याची फजिती ठरलेलीच!

श्रोतेहो, त्या अंगणांत धुरानें डोळे चोळीत उभा असलेला यजमान म्हणूनच मला आवडतो. मेजवानी देणारा आणि तिच्यासाठीं ताटकळणारा, हे दोघे तेथें प्रथमच एक झाले आहेत. पाहुणे त्याच्या हाताची तारीफ करतात, तेव्हां रात्रभर चिंधीनें मांस माखणाऱ्या वेस्ली जोन्स यांचीहि त्यानें एकदां आठवण करावी. ती तारीफ आधीं त्यांना मिळावयाची होती.