केबलवाल्याचं पोस्ट

मुलुंड असो की बोरिवली, केबलवाल्याला धंद्याची नोंदणी करून कोण देत असे? महापालिका नव्हे, पोलीस नव्हेत. हेड पोस्टमास्तर! केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांनीच तसं ठरवलं होतं.

आधीची गोष्ट सर्वांना पाठ आहे: सोसायटीत एक व्हीसीआर, गच्चीवरून गच्चीवर वायरी, १९९१चं आखाती युद्ध, स्टार, मग झी.

पण दूरचित्रवाणीत पोस्ट आलं कुठून? सरळ उत्तर असं की माहिती व प्रसारण खात्याचं गल्लीबोळात कुणी नव्हतं, पोस्ट मात्र सगळीकडे. हे पटत नाही. कलेक्टरही सर्वत्र होतेच, आणि बेकायदा केबलवाल्याचं सामान जप्त करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलाही. मग नोंदणीच तेवढी पोस्टाकडे का?

दुसरं उत्तर जुन्या पिढीचं. रेडिओचं लायसन्स पोस्टातच निघायचं, तीच सवय पुढे चालली. यात दम आहे, पण ते लायसन्स तरी पोस्टात का? त्याचं मूळ १८८५च्या तार कायद्यात. आणि १९९३ साली राजस्थान उच्च न्यायालयाने शिव केबल प्रकरणात केबलचं जाळंही याच कायद्याखाली येतं, असं म्हटलं. अंधेरीच्या गच्चीवरची काळी वायर कायद्याच्या लेखी 'तार' ठरली! इंग्रजीत समुद्रापारच्या तारेला 'केबल'च म्हणत. १८७०मध्ये मुंबईला विलायतेशी जोडलं ते तशाच केबलने. थोडक्यात केबलवाला हा तारवाल्याचा वंशज, आणि टपाल-तार खातं १९८५पर्यंत एकच होतं. नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हेच नातं असणार. कागदोपत्री पुरावा नाही, पण कुळी जुळते.

९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगून सरकारी मक्तेदारीचा पाया हलवला. पुढच्याच महिन्यात, १९९४च्या अध्यादेशाची जागा घेत, केबल कायदा आला. नाव नियमनाचं, पण गल्लीतल्या धंद्याला अधिकृत ओळख मिळाली ती त्यानेच. त्यात स्थानिक चॅनलही चाललं: विसर्जनाची मिरवणूक, नगरसेवकाचं उद्घाटन, खाली साडीच्या दुकानाची पट्टी.

२०१२मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद पडली. १८८५च्या कायद्याची जागा घ्यायला २०२३चा दूरसंचार कायदा आला आणि जानेवारी २०२५मध्ये केबलवाल्याची नोंदणी पोस्टातून निघून माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर गेली. घाटकोपरच्या गच्चीवर मात्र तोच पोरगा अजून वायर ओढतो आहे. आता ती इंटरनेटची.