परसातल्या हिरवट फळीची कुळकथा

अमेरिकेच्या दक्षिण भागात, म्हणजे फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना किंवा टेक्सासच्या किनारपट्टीत, घराच्या मागे लाकडी डेक आणि लाकडी कुंपण असणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. १९७० नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत बांधलेल्या अशा डेकचे आणि कुंपणाचे लाकूड बहुधा एकाच प्रकारचे असते: दक्षिणी पाइन, त्यावर हिरवट झाक. ही झाक तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाची, आणि हे मिश्रण ज्याने तयार केले तो माणूस अमेरिकन नव्हता. १९३३ च्या सुमारास डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम या शास्त्रज्ञाने ते सिद्ध केले. या कुळाची नोंद रसायनाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. माझ्या मते ती ओळ अपुरी आहे. हे तंत्र भारतात जन्माला आले ते योगायोगाने नव्हे; उष्ण, दमट आणि वाळवीग्रस्त मुलखात हलक्या लाकडाकडून भारी लाकडाचे काम करून घेण्याची निकड होती म्हणून आले. पुढे त्याच्या वाट्याला आलेली बदनामीदेखील, ते मूळ कामापासून किती दूर नेले गेले हे पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

आधी लाकूड मरते कसे ते पाहू. उन्हाने लाकूड कुजते असा समज आहे, तो खरा नाही. ऊन लाकडाला तडे पाडते, पृष्ठभाग राखाडी करते, फळी वाकवते. पण कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजण्याची क्रिया चालत नाही. म्हणून राजस्थानातला दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि कोकणातला वासा टिकत नाही. थिओडोर शेफर या अमेरिकन संशोधकाने १९७१ मध्ये एक निर्देशांक मांडला, त्यात दर महिन्याचे सरासरी तापमान आणि पावसाचे दिवस यांचा गुणाकार येतो. नुसती उष्णता किंवा नुसता पाऊस पुरेसा नाही, दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो, हे त्यातून सरळ दिसते. कुंपणाचा जुना खांब उपटून पाहिला तर हीच गोष्ट डोळ्यांसमोर येते. वरचा भाग ठणठणीत असतो, खोल जमिनीतला बुंधाही बऱ्याचदा शाबूत असतो. खांब मोडतो तो जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात. वर हवा आहे पण ओल टिकत नाही, खोल खाली ओल आहे पण हवा अपुरी. मधल्या पट्ट्यात दोन्ही आहेत, आणि वाळवीही तिथूनच चढते. परसातल्या लाकडाची सगळी दुरुस्ती फिरून फिरून या वीतभर जागेपाशी येते.

भारतात हा प्रश्न परसातून नव्हे, रेल्वेतून पुढे आला. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत लाखो लाकडी स्लीपर जमिनीवर, म्हणजे कुजण्याच्या नेमक्या जागी, अंथरले गेले. साग, साल, देवदार ही टिकाऊ लाकडे त्यासाठी इतक्या वेगाने तुटली की पुरवठ्याची चिंता हे १८६४ मध्ये वनखाते स्थापन होण्यामागचे एक मोठे कारण ठरले. टिकाऊ झाडे संपत चालली होती. हिमालयाच्या उतारावर चीड पाइन भरपूर होते, पण उघड्यावर ते लवकर सडे. मग उपाय उरला तो हलक्या लाकडाला औषध देण्याचा. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ मध्येच त्याची रीत बसवली होती: बंद लोखंडी टाकीत लाकूड घालायचे, निर्वात करून त्यातली हवा काढायची, मग क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे तेल दाबाने आत भरायचे. क्रिओसोट उत्तम टिकते, यात वाद नाही. पण ते काळे, उग्र वासाचे, कातडीला भाजणारे. त्यावर रंग बसत नाही आणि घरात ते नको वाटते. शिवाय ते पिंपांनी वाहून न्यावे लागते. कोरडी पूड नेऊन जागेवर पाण्यात विरघळवता आली, तर डोंगराळ आणि दूरच्या जागी फार सोय होणार होती.

पाण्यात विरघळणारी औषधे नव्हती असे नाही. मोरचूद आणि जस्ताचे क्षार एकोणिसाव्या शतकापासून वापरात होते. अडचण त्यांच्या गुणातच होती: जे पाण्यात विरघळून लाकडात जाते, ते पावसात विरघळून बाहेरही येते. युरोपच्या रिमझिम पावसात हे चालून जाई. मॉन्सूनच्या चार महिन्यांत चालत नाही. कामेसम यांचे काम इथे मोलाचे ठरते. त्यांनी क्रोमियमचे संयुग अशा प्रमाणात घातले की द्रावण लाकडात शिरल्यावर त्याचे रूप बदलावे. सहा संयुजेचे क्रोमियम लाकडाच्या घटकांशी क्रिया करून तीन संयुजेचे होते, द्रावणाची आम्लता उतरते, आणि क्रोमियम-आर्सेनिकची न विरघळणारी संयुगे तंतूंमध्येच बसतात. तांबेही लाकडाच्या लिग्निनला धरून राहते. ही क्रिया तापमानावर अवलंबून आहे. थंडीत तिला आठवडे लागतात, कडक उन्हाळ्यात ती काही दिवसांत उरकते. जी उष्णता बुरशीला पोसते, तीच औषध पक्के करायलाही मदत करते. तांबे बुरशीला मारते, पण काही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल तयार करून तांब्याला निकामी करतात. त्यांचा आणि वाळवीचा बंदोबस्त आर्सेनिक करते. कोणताही एक घटक काढला तर उरलेले दोघे अपुरे पडतात.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. क्रोमियम मिसळल्याने तांबे लाकडात टिकते हे कामेसम यांच्याआधी युरोपात माहीत होते. १९२० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये गन यांनी तांबे-क्रोमियमचे औषध बाजारात आणले होते. मग श्रेय डेहराडूनला कसे? श्रेय पहिल्या कल्पनेचे नाही, हे कबूल करायला हवे. ते अपुऱ्या कल्पनेला पुरते करण्याचे आहे. तांबे-क्रोमियमच्या जोडीत वाळवीला आणि तांबे पचवणाऱ्या बुरशीला भक्कम उत्तर नव्हते, आणि थंड देशात त्याची टोचणीही तितकी नव्हती. वाळवी रोजची असलेल्या देशातल्या प्रयोगशाळेला आर्सेनिकचा प्रश्न टाळता येत नव्हता. तंत्राच्या इतिहासात आपण पहिल्याचे नाव शोधत बसतो. कोणत्या अडचणीने कोणते पाऊल टाकायला लावले, हा प्रश्न मला त्याहून अधिक फलदायी वाटतो.

१९३८ मध्ये कामेसम यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. तिथे या औषधाने सुरुवात केली ती खांबांपासून; परसात ते फार उशिरा आले. त्याआधी कॅलिफोर्नियातला डेक रेडवूडचा असे आणि दक्षिणेत सायप्रस वापरत, म्हणजे जात्याच टिकाऊ आणि म्हणून महाग होत गेलेली लाकडे. महायुद्धानंतर उपनगरे पसरली, घराची बसण्याची जागा रस्त्यासमोरच्या ओसरीतून मागच्या परसात गेली, आणि स्वस्त लाकडाची मागणी वाढली. दक्षिणी पाइन भराभर वाढते. त्याचे बाहेरचे पांढरट लाकूड औषध सहज पिते, आतला गाभा मात्र घेत नाही. अशी फळी आडवी कापली की कापात हे स्पष्ट दिसते: कडेने हिरवट पट्टा आणि मध्ये फिकट, कोरा गाभा. दुरुस्ती करताना फळी कापून कोरे तोंड तसेच सोडणे हा म्हणूनच मोठा दोष. त्यावर ब्रशने औषध लावलेच पाहिजे, आणि कापलेले टोक कधीही जमिनीत गाडू नये.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. यात आर्सेनिक आहे, आणि ते भरपूर आहे. या औषधाच्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रकारात ऑक्साइडच्या हिशेबाने ४७.५ टक्के क्रोमियम, ३४ टक्के आर्सेनिक आणि १८.५ टक्के तांबे असते. जमिनीला टेकणाऱ्या लाकडासाठी प्रमाण आहे घनमीटरला ६.४ किलो, म्हणजे एका घनमीटर लाकडात दोन किलोंहून अधिक आर्सेनिक पेंटॉक्साइड. पक्के झालेले औषध पुष्कळसे टिकते, पण सगळे नव्हे. थोडे पावसाने झिरपते, थोडे हाताला लागते. याच लाकडाची मुलांची खेळणी आणि घसरगुंड्या तयार झाल्या, तेव्हा काळजी वाढली, आणि उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद केले. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण त्यावरून मूळ शोधच चुकीचा ठरवणे मला मान्य नाही. औषध स्लीपर आणि खांबांसाठी होते, जिथे माणूस बसत नाही, मूल चाटत नाही. चूक झाली ती ते हात लागणाऱ्या जागी नेण्यात. त्यानंतर आलेली औषधे तांब्यावर जास्त भर देतात, आणि त्याचा फटका लोखंडाला बसतो: साधे खिळे आणि पत्र्याच्या पट्ट्या लवकर गंजतात. म्हणून आज अशा लाकडाला जाड जस्ताचा थर दिलेले किंवा स्टेनलेसचे बोल्ट आणि स्क्रू वापरावे लागतात. जुन्या डेकला नवी फळी बसवणाऱ्याने खिळे मात्र जुन्याच जातीचे वापरले, तर काही वर्षांत फळी शाबूत आणि जोड निकामी अशी अवस्था होते.

महाराष्ट्रात ही हिरवट फळी घराघरांत आली नाही, याचेही कारण स्पष्ट आहे. आपल्याकडे उघड्यावरच्या कामाला सागाचा गाभा, ऐन, खैर अशी लाकडे होती. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची रीत होती. आणि कुंपण बहुतेक जिवंत असे. पांगाऱ्याची किंवा शेवग्याची फांदी रोवली की तीच खांब होते, आणि जिवंत खांब कुजत नाही. कामेसम यांचे औषध भारतात राहिले ते कारखान्यांच्या शीतलन मनोऱ्यांच्या लाकडात, खांबांत आणि बांधकामाच्या लाकडात.

टेक्सास किंवा फ्लोरिडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसात मात्र २००४ पूर्वीचा डेक असण्याची शक्यता पुरेपूर आहे. तो मोडायची वेळ आली तर त्याची फळी शेकोटीत किंवा बार्बेक्यूत घालू नका, कारण धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरते. भुसा उडू न देता कापा, तोंडावर मास्क ठेवा, हात धुवा, आणि तुकडे स्थानिक कचराव्यवस्थेच्या नियमाप्रमाणेच टाका.