वजनावर सोडलेलं पाणी

हिऱ्याला हत्यार लावू नये, असा आपल्याकडच्या जुन्या रत्नशास्त्राचा दंडक होता. 'अगस्तिमत' हा संस्कृत ग्रंथ बजावतो की पात्याने कापलेला किंवा घासून गुळगुळीत केलेला हिरा निकामी होतो, त्याचं शुभफळ जातं. निसर्गाने दिला तसा राखलेला हिराच सर्वगुणसंपन्न. आता, जे कोणी करतच नाही त्याला मनाई करायची वेळ शास्त्रकारावर येत नाही. म्हणजे कुठेतरी कुणीतरी हिरे घासत होतंच. पण मान होता तो खाणीतून निघालेल्या अष्टफलकाला: आठ त्रिकोणी बाजू, सहा टोकं, आणि तोळामासा न गमावलेलं पूर्ण वजन.

दगड घडवणं आपल्याला नवं नव्हतं. लोथल आणि चन्हुदडोला चार हजार वर्षांपूर्वी तांबड्या अकीकाचे मणी घडत होते, त्यांना सुईसारखी बारीक भोकं पाडली जात होती. अकीकाचं ते काम खंबातला आजही चालतं. पण त्या मण्यांचं सौंदर्य रंगात आणि गुळगुळीतपणात होतं. माणिक, पाचू, नीलम यांनाही घुमटाची गोलाई देऊन कोंदणात बसवत. उजेडाने दगडाच्या आत शिरावं, तळाशी आपटावं आणि पुन्हा वर येऊन डोळे दिपवावेत, ही अपेक्षाच नव्हती. हिऱ्यामागे चकाकता वर्ख ठेवून चमक उसनी आणायची, ही कुंदनकामाची रीत.

ती अपेक्षा निर्माण झाली तेव्हापासून एक भांडण सुरू झालं. रत्न विकलं जातं वजनावर, आणि चमक येते ती वजन घासून टाकल्यावर. पैलू पाडण्याच्या कलेची सगळी वंशावळ म्हणजे या दोघांमधला तंटा आहे.

युरोपात चौदाव्या शतकात हिरे घासायला सुरुवात झाली तेव्हा कारागिरांनी हात अगदी आखडता ठेवला होता. अष्टफलकाच्या आठ बाजू तेवढ्या साफ करायच्या, बाकी आकार निसर्गाचाच. तेवढ्यातही एक अडचण होती. हिऱ्याचा कठीणपणा सर्व दिशांना सारखा नसतो, आणि अष्टफलकाची नैसर्गिक बाजू ही नेमकी त्याची सर्वांत चिवट बाजू. तिला समांतर घासायला गेलं तर चाक झिजतं, हिरा ढिम्म राहतो. म्हणून कारागीर दगड काही अंश तिरका धरून ती बाजू किंचित कलवून काढत.

हिऱ्याला हिराच घासतो याचं कारणही या असमान कठीणपणात आहे. लोखंडी चाकावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड पसरली की तिचे कण वाटेल तसे पडतात. त्यातल्या काहींची कठीण दिशा पुढे येते आणि ती वरून दाबलेल्या दगडाच्या मऊ दिशेला खरवडते. ती मऊ दिशा कुठे आहे हे चाकाच्या आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या ओढीवरून ओळखणं, हे कारागिराचं अर्धं कसब.

या चाकाचं श्रेय ब्रुज शहरातल्या लोडेवेक व्हान बेर्केन या कारागिराला देतात, साल १४७६. ही हकीकत छापली १६६१ साली पॅरिसच्या रॉबेर द बेर्केन या सोनाराने, आणि तो स्वतःला त्याच घराण्याचा वंशज म्हणवत होता. कुळकथेला असा एक मूळपुरुष लागतोच. चाक मात्र त्याच्या आधीपासून फिरत होतं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढची पायरी धीटपणाची होती. अष्टफलकाचं वरचं टोक घासून सपाट करायचं, म्हणजे वर एक चौकोनी मैदान तयार होतं. पैलूदार रत्नाच्या माथ्यावरच्या त्या सपाटीला आजही टेबल म्हणतात. हिरा कापणारी यांत्रिक करवत अजून यायची होती, त्यामुळे उडवलेल्या टोकाची पूडच व्हायची. तीच पूड पुढचा दगड घासायला उपयोगी पडे, एवढाच दिलासा.

त्या काळी हिरे येत होते ते मुख्यतः हिंदुस्थानातून. ब्राझीलच्या खाणी अठराव्या शतकात उघडल्या. त्यामुळे इकडचे कारागीर काय करतात हे पाहायला युरोपचे जवाहिरे उत्सुक असत. जाँ-बाप्तिस्त टॅव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात अनेकदा इथे आला आणि कृष्णाकाठच्या कोल्लूरसह दक्षिणेतल्या खाणी त्याने पाहिल्या. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक एका चाकावर एकच हिरा ठेवतात. घासण्याची दिशा सापडेपर्यंत चाकावर पाणी सोडत राहतात, आणि ती सापडली की मग तेल आणि पूड सढळ हाताने वापरतात. हिरा निर्दोष असेल तर वर-खाली चाक नुसतं टेकवतात, वजन जाईल म्हणून आकार द्यायच्या भानगडीत पडत नाहीत. पण आत डाग किंवा चीर असेल, तर सगळा दगड बारीक पैलूंनी भरून टाकतात, म्हणजे दोष नजरेला पडू नये. म्हणजे पैलू दाखवण्यासाठी होते तसे झाकण्यासाठीही होते.

वजनाच्या या धाकाचा सर्वांत प्रसिद्ध बळी होता ऑर्तेन्सियो बोर्जियो हा व्हेनिसचा कारागीर. मीर जुमल्याने शाहजहानला नजर केलेला अवाढव्य हिरा त्याच्याकडे घडवायला दिला गेला. टॅव्हर्नियेच्या हिशेबाने कच्चा दगड ९०० रतींचा होता. औरंगजेबाने १६६५ साली त्याला तो दाखवला तेव्हा उरला होता ३१९॥ रतींचा, अर्ध्या कापलेल्या अंड्याच्या आकाराचा. मजुरी राहिली बाजूला, बोर्जियोलाच १०,००० रुपये दंड झाला. टॅव्हर्नियेचा शेराही मासलेवाईक आहे: याला धंदा नीट येत असता तर घासून पूड करण्याऐवजी आधी चांगले तुकडे फोडून काढले असते. दरबाराला राग आला वजनाचा, जवाहिऱ्याला हळहळ वाटली तुकड्यांची. चमकेबद्दल तक्रार कुणाचीच दिसत नाही.

ही चमक नेमकी येते कुठून? दगडाच्या आत शिरलेला किरण तळाच्या पैलूवर पडतो. तो पैलूच्या लंबाशी ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा कोन करत असेल, तर त्याला बाहेर पडताच येत नाही. तो आतच परावर्तित होतो, समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून वर फिरतो. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२, म्हणून त्याची ही मर्यादा जेमतेम २४.४ अंश. एवढ्या अरुंद वाटेमुळे हिरा उजेड सहसा निसटू देत नाही. पण त्यासाठी तळाला खोल, नेमक्या उताराचं पोट लागतं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या 'रोझ' घाटाला ते नव्हतं: तळ सपाट, वर २४ त्रिकोणी पैलूंचा घुमट. चपट्या तुकड्यातून वजन वाचवायला हा घाट उत्तम, चमकेत मात्र डावा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'ब्रिलियंट' घाट आकाराला येत गेला आणि शेवटी त्याचा हिशेब पक्का झाला: वरच्या भागात टेबल धरून ३३ पैलू, खालच्या भागात २४, एकूण ५७.

एकाच दगडावर हे सगळे टप्पे पाहायचे असतील तर आपल्या नाशिकचा हिरा पाहावा. त्र्यंबकेश्वराच्या देवळाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाचं राज्य बुडालं तेव्हा तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला आणि लंडनला विकला गेला. तेव्हा वजन ८९.७५ जुने कॅरेट. देशी कारागिराने वजन राखून घासलेला. पुढे रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो पुन्हा घडवून घेतला, पण देशी कारागिराच्याच रेषांना धरून, त्यातल्या उणिवा तेवढ्या दुरुस्त करत. उरले ७८.६२५ कॅरेट. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने मात्र भीड ठेवली नाही. आज तो ४३.३८ कॅरेटचा आहे. सव्वाशे वर्षांत निम्म्याहून अधिक हिरा पूड होऊन गेला, आणि प्रत्येक वेळी तो सुधारला असंच मानलं गेलं. कोहिनूरचं निराळं काही झालं नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला, म्हणून पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या कारागिरांना बोलावून, वाफेच्या इंजिनावर चाक फिरवून तो १०५.६ कॅरेटवर आणला.

विन्स्टनच्या त्या धाडसामागे गणित होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोस्टनच्या हेन्री मॉर्सने कोन मोजून हिरे घडवायला सुरुवात केली आणि वजनापेक्षा प्रमाणबद्धतेला अधिक मोल दिलं. अँटवर्पच्या हिरेवाल्या घराण्यातला मार्सेल टोल्कोव्हस्की लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकत होता. १९१९ साली त्याने छोटंसं पुस्तक लिहून हिशेब मांडला: वरचा उतार ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश. आतापर्यंत मांडी घालून बापाकडून शिकायची गोष्ट पुस्तकातून वाचता येऊ लागली.

रंगीत रत्नांच्या घराण्यात ही पाटी-पुस्तकं उशिरा आली. जयपूरला किंवा श्रीलंकेत कारागीर काडीच्या टोकाला लाखेने दगड चिकटवतो आणि तो फिरत्या तबकडीवर टेकवतो. कोन हाताच्या सवयीत असतो. अनेक ठिकाणी शेजारी भोकांची फळी असते. काडीचं मागचं टोक ज्या भोकात टेकवलं तो कोन ठरला, भोक बदललं की कोन बदलला. या साध्या फळीवर डोळा बसलेला माणूस झपाट्याने पैलू काढतो. पण त्यालाही मालकाने कच्चा माल तोलून दिलेला असतो आणि तयार माल तोलून घ्यायचा असतो. म्हणून आजही बाजारातल्या कितीतरी नीलम-माणकांच्या पोटाशी खिडकी दिसते: मधोमध रंग फिका, खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरं आरपार वाचता येतात. कारागीर चुकलेला नसतो. त्याने खालचा उतार मुद्दाम उथळ धरून वजन वाचवलेलं असतं.

भोकांच्या फळीची जागा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, हौशी लोकांच्या घरी, एका यंत्राने घेतली. जॉन सिंकँकस या नौदल अधिकाऱ्याचं रत्नघडणीवरचं पुस्तक १९५५ चं, ग्लेन आणि मार्था व्हार्गास या दांपत्याचं १९६९ चं. अशा पुस्तकांवर ती पिढी शिकली. यंत्र साधं आहे. तबकडीशेजारी एक उभा खांब, त्यावर वरखाली सरकणारा हात, हाताला अंश दाखवणारा कोनमापक, आणि दगड धरणाऱ्या दांडीमागे ९६ दात्यांचं चाक. कोनमापक उतार ठरवतो, दाते दिशा ठरवतात. ९६ ला आठाने, सहाने, तिनाने, सोळाने भाग जातो, म्हणून बहुतेक घाट त्यात बसतात.

नवशिक्याने सुरुवात करावी क्वार्ट्झपासून: स्फटिक, अमेथिस्ट किंवा सिट्रीन, आत चीर नसलेला तुकडा. तो मेणाने दांडीला चिकटवून आधी पोट घडवायचं. क्वार्ट्झचा वक्रीभवनांक सुमारे १.५४, मर्यादा सुमारे ४०.४ अंश, म्हणून मुख्य आठ पैलू ४३ अंशांवर, दाते ९६, १२, २४, ३६ असे बारा-बारा सोडून. मग कमरेशी सोळा छोटे पैलू, जरा तीव्र कोनात, दाते ३, ९, १५, २१. आठही पैलू तळाशी एका बिंदूत मिळाले पाहिजेत. एक जरी जास्त खोल गेला की उरलेल्या सातांनाही तेवढं खाली न्यावं लागतं, आणि दगड लहान होतो. खरखरीत तबकडीवरून बारीक तबकडीवर, तिथून सीरियम ऑक्साइडच्या पॉलिशवर जाताना दगड, हात आणि यंत्र धुवावं लागतं. मागच्या तबकडीचा एक कण पुढे आला तरी पॉलिशवर ओरखडा उमटतो. मग दगड उलटा करून दुसऱ्या दांडीवर चढवायचा आणि माथा घडवायचा.

अर्ध्याहून अधिक दगड या सगळ्यात पाण्याबरोबर वाहून जातो, आणि इथेच नवशिक्याची बाजू वरचढ आहे. पहिला तुकडा म्हणून मोठा आणि स्वस्त घ्यावा, आणि कोनाशी कधी तडजोड करू नये. बोर्जियोच्या डोक्यावर बादशहा होता, जयपूरच्या कारागिराच्या डोक्यावर मालकाचा तराजू आहे. दगड वाया जाऊ देण्याची मुभा या धंद्यात फार थोड्यांना मिळाली. हौशी माणसाला ती पहिल्याच दिवशी मिळते, आणि चांगला पैलू शिकायला तेवढीच लागते.