कूड, आगबोट आणि गाव : मुंबईतील गोमंतकीयांच्या परतीच्या वाटा

१९६१पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात, तर मुंबई आधी इंग्रजांच्या आणि नंतर स्वतंत्र भारताच्या अमलाखाली असल्यामुळे मुंबईत पोटापाण्यासाठी आलेला गोमंतकीय अन्न, हवापाणी आणि भाषा यांच्या दृष्टीने शेजारी असला, तरी कायद्याच्या दृष्टीने परदेशात राहत असे. या स्थलांतराचा इतिहास बहुधा त्याने केलेल्या कामांच्या किंवा घरी पाठवलेल्या पैशांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु गावाची ओढ त्याने कशी सांभाळली आणि सुट्टीत घरी जाण्याची व्यवस्था कशी बसवली, हे तपासले असता असे दिसते की, त्याच्या शहरातील प्रमुख संस्था शहरात न रुजता वर्षानुवर्षे राहता यावे, याच गरजेतून घडल्या होत्या.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश फौज गोव्यात तळ देऊन होती आणि तिच्याशी आलेल्या संबंधांतून स्वयंपाकी, खानसामे व वादक यांना इंग्रजी मुलखात काम मिळू लागले. बार्देश आणि सासष्टी या दाट वस्तीच्या ख्रिस्ती तालुक्यांतील शेतीवर सर्वांचे पोट भरणे अवघड असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ओघ वाढला. त्यात सर्वाधिक फिरतीचे जीवन तारवटींचे, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांचे होते. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरील खलाशांत कोकणातील मुसलमानांचा भरणा असे, तर प्रवाशांची सरबराई आणि भटारखाना यांवर गोमंतकीयांची नेमणूक होई. एक सफर संपल्यावर दुसऱ्या बोटीवर नाव लागेपर्यंत तारवटीला मुंबईत थांबावे लागे आणि तेवढ्यासाठी खोली घेणे त्याला परवडत नसे.

ही अडचण कुडाने दूर केली. कूड म्हणजे एका गावातील पुरुषांनी वर्गणी काढून चालवलेले सामाईक बिऱ्हाड. इंग्रजीत त्याला क्लब म्हणत. धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत असे शेकडो कूड उभे राहिले. सभासदाच्या वाट्याला स्वतंत्र खोली येत नसे. भिंतीलगत त्याची पेटी ठेवलेली असे आणि रात्री अंथरूण पसरण्यापुरती जमीन मिळे, परंतु तो समुद्रावर असतानाही ही जागा नाममात्र वर्गणीत त्याच्या नावावर राही. खोलीत गावच्या रक्षक संताची वेदी असे, तिच्यासमोर रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची सामुदायिक प्रार्थना होई आणि अनेक कुडांत तिला गैरहजर राहणाऱ्याला दंड भरावा लागे. आजारपण, उसनवारी आणि अंत्यविधी यांची जबाबदारी गावकरीच उचलत. काही गावांचे कूड जातीनुसार वेगळे होते, म्हणजे गावाबरोबर त्यातील भेदही मुंबईत आले. बायकामुले गावीच राहतील, हे या रचनेत गृहीत धरलेले होते. त्यामुळे कुडाने एकाकीपणा सुसह्य केला खरा, पण कुटुंबाची ताटातूटही नित्याची करून टाकली.

घरी जाण्याचे वेळापत्रक पाऊस आणि सण ठरवीत. किनाऱ्यावरील आगबोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला जात, पण पावसाळ्यात ही वाहतूक बंद राहत असल्याने लग्ने, घराची शाकारणी आणि पावसाळ्यासाठी करायची पुरुमेंताची, म्हणजे धान्य, सुकी मासळी, मीठमिरची इत्यादींची साठवण मेअखेरपर्यंत उरकावी लागे. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मार्मागोवा ते कॅसलरॉक हा लोहमार्ग बांधला गेला आणि १८८८मध्ये घाटातून गाडी धावू लागली, तेव्हा पावसाळ्यातही जाता येऊ लागले. मात्र पुण्याला रुंद मार्गावरून मीटरमापी गाडीत बदल, पुढे लोंढा, कॅसलरॉकची सरहद्द आणि कुळे येथील पोर्तुगीज जकात नाका, असा तो लांबलचक प्रवास होता. डिसेंबरमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि पाठोपाठ नाताळ येत असल्याने मुंबईकरांची दुसरी गर्दी तेव्हा होई.

ज्यांना जाता येत नसे, त्यांच्यासाठी गावच मुंबईत येत असे. कोकणी भाषेतील तियात्र हा गाण्यांसह सादर होणारा नाट्यप्रकार १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतील न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ या प्रयोगाने जन्माला आला आणि कुडांतील नोकरवर्ग हा त्याचा मोठा आश्रयदाता ठरला. हिंदू गोमंतकीयांची वस्ती प्रामुख्याने गिरगाव परिसरात कुटुंबांसह होती. १९१९मध्ये स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनने त्यांना संघटित केले, तर चवथ आणि कुलदैवतांच्या जत्रा त्यांना गावाकडे नेत राहिल्या.

या नित्याच्या येण्याजाण्याला खरा तडाखा राजकारणाने दिला. गोवामुक्तीचा प्रश्न चिघळल्यावर भारताने १९५४पासून प्रवासावर आणि पैसे पाठवण्यावर निर्बंध आणले आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर रेल्वेचा दुवा तुटला. परवाना मिळवून सरहद्दीवरचा टप्पा पायी ओलांडण्याची वेळ प्रवाशांवर आली, तर त्याच वर्षी पोर्तुगिजांनी दाबोळी विमानतळावरून कराचीची विमानसेवा सुरू केल्यामुळे दूरच्या कराचीतील गोमंतकीयाला घर गाठणे मुंबईतील गोमंतकीयापेक्षा सोपे झाले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर सरहद्द नाहीशी झाली, आगबोटी पुन्हा सुरू झाल्या आणि १९९८मध्ये कोकण रेल्वेने हे अंतर एका रात्रीच्या प्रवासाचे केले. तरीही प्रवास सुकर झाल्याने कुडांना नवे बळ मिळाले नाही. मुंबईत कुटुंबासह राहणाऱ्यांची संख्या वाढली, नवी पिढी आखाती देशांत थेट विमानाने जाऊ लागली आणि परतीची वाट पाहत थांबण्याची जागा अनावश्यक ठरत गेली. कूड टिकला होता तो गाव दूर असल्यामुळे तितका नाही, जितका बिऱ्हाड गावी आणि रोजगार परमुलखात या विभागणीमुळे. ती विभागणी मोडू लागल्यावर सुट्टीतील गावभेट उरली, पण तिच्याभोवती उभी राहिलेली संस्था ओसरली.